कोकणकड्यावर पहाटे पाच वाजता

प्रति,
दर शनिवारी मुंबई-पुण्याहून हरिश्चंद्रगडावर बॅच घेऊन जाणारे सर्व ट्रेक आयोजक

विषय : संडास

स.न.वि.वि.

विषय वाचून पत्र बाजूला ठेवू नका. 'वॉशरूम' हा शब्द मी मुद्दाम टाळलाय, कारण तो तुमच्या यादीत आधीच आहे. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने माणशी चौदाशे भरून मुक्कामाचा ट्रेक बुक केला होता, त्याने मला ती यादी दाखवली. विजेरी, तीन लिटर पाणी, पॉवर बँक, कानटोपी, ओडोमॉस, ओले वाइप्स, जेवणाचं ताट स्वतःचं. शेवटची ओळ: 'वॉशरूम – निसर्गाच्या सान्निध्यात', आणि पुढे डोळा मारणारा पिवळा चेहरा. हे पत्र त्या पिवळ्या चेहऱ्याबद्दल आहे.

मागच्या डिसेंबरात आम्ही पाच मैत्रिणी हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सगळ्या पंचेचाळिशीच्या आगेमागे. एक डॉक्टर, एक बँकेत, एक शाळेत भूगोल शिकवते, एकीचा डबे पुरवण्याचा धंदा आणि मी. दोन तंबू आमचेच, भांडीकुंडी आमचीच, गाडीही आमचीच. घोटीवरून राजूरमार्गे पाचनईला पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि वाहनतळावर तुमच्या बसेस धुळीने माखून उभ्या होत्या. पाचनईची वाट तुम्हाला पाठ आहे. डाव्या-उजव्या सूचना देत बसत नाही. पुढे आलेल्या कातळाच्या पोटाखालून जाताना बँकवालीने "अगं, हे डोक्यावर पडलं तर?" असं दर दहा पावलांनी विचारलं, एवढंच सांगते. ओढा ओलांडला, करवीची झाडी लागली, साडेअकराला देवळापाशी. झोपडीत पिठलं-भाकरी, ठेचा, वर ताक. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालायची हौस डबेवालीने एकटीने भागवली आणि पुढचे दोन तास तिचे दात वाजत होते.

संध्याकाळी कोकणकडा, गडाचा कोकणाकडे तुटलेला उभा कडा. त्याचं वर्णन मी करणार नाही. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून का होईना, तुम्ही तो दर आठवड्याला बघता. सूर्य कोकणात उतरला, खाली बेलपाड्याकडचे दिवे लागले, आणि मी सहज मागे वळून तंबू मोजायला लागले. साठापर्यंत मोजले आणि सोडून दिले. तंबूत कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार. म्हणजे त्या सड्यावर, कड्यामागच्या त्या सपाट कातळावर, धरून चाला, दोनशे माणसं झोपायला आली होती. दोनशे माणसांचं एक छोटं गाव. त्यात गिटार होती, ब्लूटूथचा स्पीकर होता, बार्बेक्यूची जाळी होती, वाढदिवसाचा केक होता (केक गडावर न चेंगरता आणणाऱ्या मुलाचं कौतुकच), गरम चहाचे थर्मास होते. नव्हतं ते एकच.

झोपडीतल्या मावशींनी दुपारीच सांगून ठेवलं होतं, "ताई, रातीला त्या टेकाडाच्या अंगाला नका जाऊ. तिकडं पाय ठेवाया जागा नाय." आम्हाला वाटलं, साप-विंचू असतील.

ते टेकाड आम्ही पहाटे पाहिलं. पाच वाजता जाग आली ती वाऱ्याने. तंबूची चेन खाली ओढली आणि बाहेर डोकं काढलं. सड्यावर सगळीकडून डोक्यावरच्या विजेऱ्यांचे ठिपके निघाले होते आणि एकाच दिशेला चालले होते. भूगोलवाली म्हणाली, "दिंडी निघालीय." टेकाडाशी गेल्यावर ठिपके पांगायचे, झुडपापाशी स्थिर व्हायचे, आणि एक एक करून विझायचे. मग थोड्या वेळाने पुन्हा पेटायचे. आम्ही हसलो. दहा मिनिटांनी आमचीही वेळ आली, आणि हसू गेलं.

पाय ठेवायला जागा नव्हती, हे मावशींनी शब्दशः सांगितलं होतं. आजची, कालची, गेल्या शनिवारची. प्रत्येक झुडपामागे, आणि प्रत्येकाभोवती पांढऱ्या कागदाच्या कळ्या. करवंदीच्या काट्यांना ओले वाइप्स अडकून फडफडत होते. उजाडल्यावर लांबून ती जाळी फुलांनी डवरल्यासारखी दिसली, आणि त्या वेळी करवंदीला फूल नसतं हे कळणाऱ्याच्या पोटात ढवळलं. एका दगडाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला पॅड होता. गुंडाळणारीने लाजेकाजेस्तव दगड ठेवला होता, बिचारीने. कोल्ह्याने म्हणा, कुत्र्याने म्हणा, तो उकरला होता.

आम्ही शहाण्या होतो. आमच्याजवळ खुरपं होतं. माणसापासून, वाटेपासून आणि पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, सहा ते आठ इंच खड्डा घ्यायचा, मग माती ओढून बुजवायचा, हे जगभरच्या डोंगरांवर शिकवतात, तसं आम्हीही शिकलो होतो. पहिल्या ठिकाणी खुरपं चार बोटं गेलं आणि खडकावर वाजलं. दुसऱ्या ठिकाणी तीन बोटं. तिसऱ्या ठिकाणी ठिणगी उडाली. सह्याद्रीचा सडा आहे तो, बसाल्टचा सपाट कातळ, त्यावर मातीचा पापुद्रा. खड्डा घ्यायला सहा इंच माती तर हवी! कड्यापासून देवळाच्या दिशेने बरंच आत, जिथे झाडं उभी राहू शकतात, तिथे माती मिळाली. आम्हा पाच जणींना अर्धा तास लागला. तुमच्या दोनशे जणांना साडेसातला नाश्ता आणि आठला उतरायचं होतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. कोकणकड्यावरून टोपी खाली टाकली तर वारा ती परत वर आणून देतो, हे तुम्ही सगळ्या बॅचला दाखवता. लोक टाळ्या वाजवतात. आम्ही कड्यापासून चांगलं लांब चहा करत बसलो होतो. कड्याच्या ओठावरून काहीतरी पांढरं वर आलं, हवेत गिरकी घेतली, सावकाश तरंगत आलं आणि आमच्या पिवळ्या तंबूला चिकटलं. डबेवाली काढायला उठली. डॉक्टरीण ओरडली, "हात लावू नकोस!" ओला वाइप होता. वापरलेला. कोणीतरी तो दरीत टाकून जबाबदारीतून मोकळा झाला होता. कड्याने तो साभार परत केला, पत्ता फक्त चुकला.

१८३५ साली कर्नल साइक्सला या कड्यावर गोल इंद्रधनुष्य दिसलं, हे तुम्ही प्रत्येक बॅचला सांगता. आम्हाला काय दिसलं तेही सांगत जा.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? पूर्वी काय गडावर संडास होते? होते. सिंधुदुर्गाच्या तटबंदीत ठिकठिकाणी शौचकूप आहेत, राजगडाच्या तटातही आहेत. तिथे इतिहास सांगताना तुम्हीच 'बघा, त्या काळी' म्हणून ते दाखवता आणि बॅच मोबाइल काढते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावर केर पडू देऊ नये, तो जाळून त्याची राख परसात घालावी, त्यावर भाजीपाला करावा, इथवर तपशिलात लिहून ठेवलंय. शिबंदी म्हणजे दोनशे माणसांचं पोट, आणि दोनशे माणसांच्या पोटाचं पुढे काय होतं, हे ज्यांना कळत होतं त्यांनी गड बांधले. आपण तंबू बांधतो.

दुसरं तुम्ही म्हणाल की गावचे लोकही रानातच जायचे. जायचे. पाचनईची माणसं, त्यांची गुरं, चार गुराखी, कधीमधी आमच्यासारखी पाच-सहा डोकी. तेवढं रान पचवतं. कुजवण्याचं काम मातीच्या वरच्या थरातले जीव करतात, त्यांना ओल लागते, ऊब लागते आणि वेळ लागतो. तुमचा हंगाम पावसाळा संपल्यावर भरात येतो, तेव्हा ओल गेलेली असते, आणि दर शनिवारी त्याच टेकाडावर नवी दोनशे माणसं येतात म्हणून वेळही उरत नाही. वाइप्सचं तर बोलूच नका. ते कागदाचे वाटतात, पण बहुतेकांत पॉलिस्टरचा धागा असतो. ते कुजत नाहीत, नुसते झिजतात.

आणि मग पाऊस येतो. गडावर जे पाणी आहे ते सगळं वरून पडलेलं आणि सड्यावरून वाहत आलेलं. टाक्यांत तेच, पुष्करणीत तेच, केदारेश्वराच्या गुहेतही तेच, जिथे आमची डबेवाली कमरेएवढी उतरली होती. देवळाजवळ मंगळगंगा उगम पावते, ती पाचनईकडे उतरते. पुढे मुळा नदीला मिळते. मुळेवर राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला धरण आहे आणि त्यातून नगर शहराला पाणी जातं. नगरकरांनी घाबरून जाऊ नये, मध्ये बरंच अंतर आहे आणि शुद्धीकरण केंद्रही. पण पाचनई आणि टेकाड यांच्यामध्ये फक्त उतार आहे.

बायकांचं वेगळं सांगते, कारण तुमच्या यादीत तेही नाही. आमच्या शेजारच्या तंबूत विशी-बाविशीच्या तीन मुली होत्या. पहिलाच ट्रेक. त्यातल्या एकीने रात्री जेवणात रस्सा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, चहा तर नकोच. डॉक्टरणीने हळूच विचारलं तर म्हणाली, "काकू, सकाळी साडेचारला बसमधून उतरल्यावर गेले होते." तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. सोळा तास. तीन हजार फुटांच्या वर, दिवसभर उन्हात चालून, पाणी न पिता. आमच्या डॉक्टरणीने तिला आणि तिच्या मैत्रिणींना उठवलं, आम्ही आठ जणी विजेऱ्या घेऊन लांब गेलो, चौघींनी बाहेरच्या बाजूला तोंड करून एक चादर धरली. परत येताना ती मुलगी रडायच्या बेतात होती, हसतही होती. डॉक्टरीण मला म्हणाली, "अशा मुली सोमवारी माझ्याकडे येतात. मूत्रमार्गाला संसर्ग, ताप, पाठ दुखतेय. विचारलं की सांगतात, ट्रेकला गेले होते." तुमच्या चौदाशे रुपयांत तंबू आहे, स्लीपिंग बॅग आहे, अमर्याद चहा आहे. जी मुलगी रात्रभर चहा पिऊ शकत नाही, तिला अमर्याद चहाचं काय कौतुक?

स्वच्छता मोहिमा तुम्ही काढता, मला माहीत आहे. एकीत मीही गेले होते. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शेवटी पोत्यांसोबत फोटो. टेकाडामागे कोणी गेलं नाही. तो कचरा फोटोत घेता येत नाही. मीही गेले नाही, हे कबूल करते.

मग करायचं काय? माझी मागणी मोठी नाही आणि नवीही नाही. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत बसून अप्पासाहेब पटवर्धनांनी याच विषयात हयात घातली, तेव्हाही लोक नाकाला पदर लावत होते. चराचा संडास हा शब्द तुमच्यातल्या स्काउटात गेलेल्यांना आठवत असेल. लांबट चर घ्यायचा, फार खोल नाही, वीतभर, कारण कुजवणारे जीव वरच्याच मातीत असतात. काढलेली माती शेजारी ढीग करून ठेवायची. भोवती कापडाचा आडोसा. ज्याचं झालं त्याने दोन ओंजळी माती आणि पालापाचोळा टाकायचा. चर टोकाकडून भरत जातो, निघताना पूर्ण बुजवायचा. त्यासाठी माती हवी, म्हणजे तो कड्यावर होणार नाही, आत झाडीत होईल, टाक्यांपासून आणि ओढ्यापासून लांब, आणि गावातल्या माणसांना विचारून ठरवलेल्या जागी. हे अभयारण्य आहे, १९८६ पासून. तेव्हा वनखात्यालाही आधी विचारावं लागेल. विचारा. बॅचच्या जाहिराती करण्याआधी ज्या परवानग्या घ्यायच्या असतात त्यांत ही एक वाढवा.

आणि त्यासाठी तंबूही कड्यापासून मागे घ्यावे लागतील. संडास दहा मिनिटं लांब असेल तर पहाटे पाचला कोणी जाणार नाही, टेकाडामागेच बसेल. मला मनुष्यस्वभाव माहीत आहे, माझाच आहे. 'कड्याच्या टोकावर तंबू' हे तुमचं विकाऊ वाक्य जाईल. जाऊ द्या. सूर्यास्त बघायला माणसं चालत जातील, पाय आहेत.

आकड्याचंही बोला. एका रात्री सगळ्यांच्या मिळून किती बॅच न्यायच्या, हे तुमचं तुम्ही ठरवलं नाहीत तर एक दिवस वनखातं ठरवेल, आणि तो आकडा शून्य असेल. मग पिठलं-भाकरीच्या झोपड्याही बंद होतील, म्हणजे शिक्षा पाचनईला.

ओले वाइप्स यादीतून काढा. नाहीच जमलं तर प्रत्येकाला एक झिपची पिशवी द्या, वाइप्स आणि पॅड त्यात घालून परत आपल्या घरी. किळस वाटते? २०२४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्या पालिकेने गिर्यारोहकांना आपला मैलाच पिशवीत भरून खाली आणायचा नियम केला. आपल्याला फक्त चिंध्या आणायच्यात.

एक गोष्ट मात्र करू नका. हे काम गावातल्या बायकांच्या गळ्यात घालू नका. 'स्थानिकांना रोजगार' या गोंडस नावाखाली तर मुळीच नाही. दुसऱ्याचा मैला हाताने उचलायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी लाज आहेच. चर तुमच्या लीडरने आणि बॅचने खणायचा, बॅचने बुजवायचा. गिटार वाजवणाऱ्यापासून सुरुवात करा, त्याची बोटं मजबूत असतात.

आणि मुख्य म्हणजे बोला. बस सुटल्यावर ओळखपरेड होते ना, नाव, गाव, कितवा ट्रेक, आवडतं गाणं? त्यानंतर सरळ आवाजात, डोळा न मारता सांगा: संडासाची सोय अशी आहे, पाणी भरपूर प्या, पाळी आली असेल तर ही पिशवी. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसं चालतात. तिथेही मागे राहणाऱ्या घाणीचं कोणी बोलत नव्हतं, मग निर्मल वारी सुरू झाली, मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं उभी राहिली. वारकऱ्याची भक्ती त्याने कमी झाली नाही. तुमच्या निसर्गप्रेमालाही काही होणार नाही.

एवढं सगळं कोण बोलतंय, असं विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. १९९९ च्या डिसेंबरात मी कॉलेजातून पहिल्यांदा या गडावर आले होते. खिरेश्वरवरून, तोलार खिंडीतून, सहा जण, त्यात मी एकटी मुलगी. रात्री देवळाजवळच्या गुहेत झोपलो. पाळी दोन दिवस आधीच आली आणि पाच मुलांमध्ये ते सांगायचं कोणाला? पहाटे एकटी उठून लांब गेले. घळीच्या तोंडाशी उभी राहिले आणि वर्तमानपत्राची ती पुरचुंडी लांब भिरकावली. दगडाखालीसुद्धा ठेवली नाही. त्या मुलीच्या हातात त्या पहाटे एक झिपची पिशवी असती तर पुरलं असतं, आणि आदल्या रात्री तोंड उघडून बोलणारा एक लीडर असता तरी पुरलं असतं.

पंचवीसेक पावसाळे झाले. घळ स्वच्छ असेल आता. वाहून गेलं असणार. कुठल्या दिशेला, ते वर लिहिलंच आहे.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा येतोय. या वेळी खुरपी दोन आणतोय. तुमच्यापैकी कोणाची बॅच असेल आणि चर घ्यायचा विचार असेल तर जागा दाखवायला येईन, मातीची जागा मला ठाऊक आहे. पिवळा तंबू, कड्यापासून बऱ्यापैकी आत.

आपली,
पाच जणींपैकी एक